सोपविलेले काम आणि ठेवलेला विश्वास

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही. परंतु मुलांना शिकविता शिकविता, गावचा व संस्थांचा कारभार जवळून पाहता पाहता जे ध्यानी आले, ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

आमचा विषय असा की, जो पुढारी आहे, मग तो मंडळाचा अध्यक्ष असो, कारखान्याचा संचालक असो, शाळेचा मुख्याध्यापक असो की घरातील कर्ता पुरुष असो, त्याने आपल्या माणसांवर काम कसे सोपवावे आणि विश्वास कसा ठेवावा. विषय वरवर साधा दिसतो. ‘माणसांवर विश्वास ठेवा’ हे कोणाला नको आहे? परंतु व्यवहारात पाहावे तर चित्र निराळे दिसते. सभेत आपण एकमेकांना ‘आपण सारे एक’ म्हणतो, आणि सभा संपल्यावर मंडळाच्या कपाटाची किल्ली एकाच खिशात जाते. तो खिसा प्रामाणिक असतो, यात शंका नाही. पण खिसा एकच असतो, ही चिंतेची गोष्ट आहे.

प्रथम सोपविणे म्हणजे काय, ते पाहू. काम सांगणे निराळे आणि काम सोपविणे निराळे. ‘बाजारातून पाच किलो गूळ आण, अमक्याच्याच दुकानातून आण, अमुकच भावाने आण’ असे म्हटले म्हणजे काम सांगितले. ‘शंभर माणसांच्या पुरणपोळीचे तुझ्याकडे, हे पैसे, संध्याकाळी हिशेब दे’ असे म्हटले म्हणजे काम सोपविले. पहिल्यात हात दुसऱ्याचे व डोके आपले. दुसऱ्यात हातही त्याचे आणि डोकेही त्याचे. ज्याचे डोके आपण वापरू देत नाही, तो माणूस आपल्याजवळ फार दिवस राहत नाही. आणि राहिलाच, तर त्याचे डोके गंजून जाते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावयास नको. ते दरवर्षी आषाढीच्या आधी आपल्या दारावरून जाते. जगद्गुरू तुकाराममहाराजांची पालखी देहूहून निघते व उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्या दोन्ही तालुक्यांतून पंढरीकडे जाते. महाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. बेलवाडीचे आणि इंदापूरचे रिंगण आपण सर्वांनी पाहिले आहे. इतकी लाखो माणसे, इतकी जनावरे, इतकी वाहने. परंतु प्रत्येकाच्या मागे उभे राहून ‘असे चाल, तसे थांब’ म्हणणारा कोणी दिसतो काय? नाही. कारण तेथे काम वाटून दिलेले आहे. दिंडी ही घटक. दिंडीचा विणेकरी ठरलेला, पखवाजी ठरलेला, झेंडेकरी ठरलेले. दिंडीने आपल्या माणसांची जेवणखाणाची, मुक्कामाच्या राहुट्यांची व सामानाच्या गाडीची व्यवस्था आपली आपण करावयाची. पालखीच्या पुढची व मागची दिंड्यांची जागा ठरलेली. त्यात कोणी घुसत नाही. वाटेवरच्या गावांनाही आपापले काम ठाऊक. काटेवाडीस परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढपाळ मेंढ्यांचे रिंगण करतो. हे काम करा म्हणून त्यांना कोणी दरवर्षी पत्र धाडीत नाही. ते काम त्यांचे आहे, हे सर्वांनी मान्य केले आहे. म्हणून ते चुकत नाही.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. काम वाटून दिले म्हणजे गाऱ्हाणे संपते असे नाही. आळंदीच्या माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी मुक्कामी समाजआरतीला सर्व दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ एकदम शांत होतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे तेथल्या तेथे विचारले जाते, तोड काढली जाते आणि मग आरती होते. किती शहाणपणाची ही रीत! दिवसभर कोणी कोणाच्या कामात ढवळाढवळ करावयाची नाही. पण दिवसाच्या शेवटी, सर्वांसमक्ष, गाऱ्हाणे ऐकल्यावाचून देवाची आरतीसुद्धा करावयाची नाही. विश्वासही आहे आणि विचारपूसही आहे. आमच्या मते सोपविण्याचे सारे शास्त्र या एका रीतीत आले.

आता इतिहासाकडे वळू. इंदापूर आणि सुपे हे दोन्ही परगणे भोसले घराण्याच्या जहागिरीतले. मालोजीराजांनी इंदापुरास रणात देह ठेवला. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले आणि पुण्याकडील जहागीर त्यांच्या डोळ्यांआड झाली. तेव्हाच्या काळी बंगळूरहून निरोप यावयाचा म्हणजे किती दिवस लागत असतील! अशा वेळी राजांनी काय केले? जिजाऊसाहेब आणि बालशिवाजी यांना इकडे ठेवून, दादाजी कोंडदेव यांच्यासारख्या कारभाऱ्याच्या हाती कारभार दिला. बापाने दुरून विश्वास ठेवला आणि मुलाला लहान वयात कारभार डोळ्यांनी पाहता आला. ज्या मुलाला जहागिरीच्या कारभारात बसू दिले, त्याच मुलाने पुढे राज्य उभे केले, हे आपण विसरता कामा नये.

आणि त्याच शिवछत्रपतींनी पुढे काय केले ते पाहा. १६६६ च्या मार्चात महाराज राजगडाहून आग्र्यास जावयास निघाले. ऑगस्टात ते तेथून निसटले. मधले महिने राजा शत्रूच्या कैदेत आणि राज्य मोगल व आदिलशाही यांच्या कैचीत! एखाद्या साध्या दुकानाचा मालक सहा महिने दिसला नाही तर दुकानास कुलूप लागते. परंतु जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव यांसारख्या कारभाऱ्यांनी राज्य सांभाळले. महाराज परत आले तेव्हा राज्य जागेवर होते. ज्याच्या गैरहजेरीत काम चालते तोच खरा पुढारी. हजेरीत तर कोणाचेही काम चालते.

परंतु महाराजांचा विश्वास आंधळा नव्हता. गडाच्या कारभाराची त्यांची व्यवस्था आम्ही मुलांना नेहमी शिकवीत असू. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, लिखाण सबनिसाकडे, पहाऱ्याची व्यवस्था सरनौबताकडे आणि कोठारासाठी कारखानीस. कोणीही एकट्याने गड फितवू शकत नसे. आणि प्रत्येकाला आपल्या कामापुरता पूर्ण अधिकार असे. विश्वास आणि बंदोबस्त हे एकमेकांचे शत्रू आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही व्यवस्था मनन करावी. चांगला बंदोबस्त असला म्हणजेच मनमोकळा विश्वास ठेवता येतो.

आता आपल्या काळात येऊ. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर आहे. सोलापुरास १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी तेथील माळावर ऊस, साखर कारखाना व वसाहत उभी केली. हेच गृहस्थ १९१९ पासून सिंदिया कंपनीच्या आगबोटींच्या मागे होते. १९४० साली बंगळुरास विमानाचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ साली मुंबईस मोटारीचा कारखाना; ही सर्व कामे त्यांनी अंगावर घेतली. आता विचार करा, मुंबईत बसून जहाजांचा विचार करणारा माणूस कळंबच्या शेतात उसाची किती वाढ झाली, कोणत्या पाटाला पाणी सुटले, हे रोज पाहू शकेल काय? त्यांनी बंधूंवर, अभियंत्यांवर व शेतकी जाणकारांवर काम सोपविले, म्हणूनच इतकी कामे एका आयुष्यात मावली. त्यांच्या उमेदीच्या काळातील भागीदार लक्ष्मणराव फाटक हे तर मूळचे रेल्वेतील कारकून. गुण पाहून माणूस जवळ करावा आणि जवळ केल्यावर त्यास मोकळीक द्यावी, ही त्यांची रीत. शेठजी १९५३ साली वारले. परंतु वालचंदनगर त्यांच्याबरोबर संपले नाही. तेथील यंत्रशाळेने पुढे अणुभट्ट्यांसाठी व अवकाशयानांसाठी भाग घडविले. संस्थापकाच्या मागे काम वाढते, तेव्हाच ते सोपविलेले होते असे म्हणावे.

वालचंदनगर एका घराण्याचे. परंतु सहकारी कारखाना हजारो सभासदांचा. तेथे सोपविण्याची परीक्षा अधिक कडक. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून कारखाना काढला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप सुरू झाले. प्रारंभी अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होते. घरोघर फिरून भागभांडवल गोळा करणाऱ्या शेतकऱ्याने खुर्ची विद्वानास दिली, आणि विद्वानाने शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानावर भरवसा ठेवला. पुढे अध्यक्षपद विखे पाटलांकडे आले. दोघांनीही एकमेकांच्या अंगी काय आहे ते ओळखले होते. त्या उदाहरणाने महाराष्ट्रात कारखाने निघाले; आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील धुराडी आपण जन्मभर पाहत आहोत.

कारखाना चालतो कसा, हे आपल्यातील बहुतेकांना ठाऊक आहे. तरी या दृष्टीने एकदा पाहा. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालतो. मध्यरात्री अध्यक्ष घरी निजलेले असतात, संचालक निजलेले असतात. तेव्हा वजनकाट्यावर काटाकारकून जागा असतो, गव्हाणीत मोळ्या पडत असतात, बॉयलरवर माणूस जागा असतो. पाकात साखरेचा दाणा धरला की नाही, हे पाहणारा कामगार बोटांवर व काचेवर पाक घेऊन पाहतो आणि ठरवितो. त्या क्षणी त्याचे मत हेच साऱ्या कारखान्याचे मत. तेथे अध्यक्षांना उठवून ‘साहेब, आता पाक सोडू काय?’ असे विचारले तर साखरेचा दगड होईल! हजारो शेतकऱ्यांचे वर्षाचे कष्ट रात्री दोन वाजता एका कामगाराच्या अनुभवावर सोपविलेले असतात, आणि सकाळी पांढरीशुभ्र साखर पोत्यांत भरलेली दिसते.

आता दुसरी बाजू. उसाच्या लागणीची नोंद गटाच्या कर्मचाऱ्याने करावयाची, ज्याला आपल्याकडे चिटबॉय म्हणतात. नोंदीच्या तारखेप्रमाणे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा तोडणीचा कार्यक्रम शेतकी खात्याने आखावयाचा आणि त्याप्रमाणे मुकादमाने टोळी पाठवावयाची. ही रीत चांगली आहे. परंतु एखाद्या गावचा वजनदार माणूस रात्री दूरध्वनी करतो, ‘आमच्या पाहुण्यांचा ऊस आधी तोडा.’ टोळी वळते. ज्याची पाळी होती त्याचा ऊस वाळतो, त्याचे वजन घटते. पण त्याहून मोठे नुकसान निराळेच आहे. त्या दिवसापासून चिटबॉयची वही ही नुसती वही राहते. पुढल्या वर्षी कोणी त्याच्याकडे तारीख विचारावयास जात नाही. जो तो वजनदार माणसाच्या दारी जातो. आणि तो वजनदार माणूस तक्रार करतो, ‘काय करावे, लोक मला एक घास सुखाने खाऊ देत नाहीत!’ अहो, आपणच दिलेला अधिकार आपणच परत घेतला, मग गर्दी दारी येणार नाही तर काय होईल? हे आम्ही कोणा एका कारखान्यास उद्देशून म्हणत नाही. जेथे जेथे वही एकाची आणि शब्द दुसऱ्याचा, तेथे तेथे हेच होते. पाटाच्या पाळीतही हेच. १८८५ सालापासून नीरा डावा कालवा आपल्या भागास पाणी देत आहे. पाटकऱ्याने लावलेली पाळी वरच्याने मोडली, की शेवटच्या टोकाचा इंदापूरकर कोरडा राहतो. पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे द्यावा, असा कायदा २००५ साली राज्याने केला. परंतु कायद्याने फक्त दार उघडते. आत जाऊन एकमेकांची पाळी पाळावयाची ती माणसांनीच.

शासनानेही अधिकार सोपविण्याचा मोठा प्रयोग केला आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असता वसंतराव नाईक समितीने विचार केला, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. मुंबईत बसणाऱ्या सत्तेने शाळा, रस्ते, दवाखाने यांचा कारभार जिल्ह्याच्या माणसांच्या हाती दिला. ग्रामीण भागातील माणसे चुकतील, पैसा उधळतील, अशी शंका तेव्हाही अनेकांनी घेतली होती. चुका झाल्या, नाही असे नाही. परंतु त्याच सभागृहांतून बोलावयास, अंदाजपत्रक वाचावयास आणि अधिकाऱ्यास प्रश्न विचारावयास शिकलेल्या माणसांनी पुढे राज्य चालविले. पोहणे काठावर शिकता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. अधिकार चालविणेही तसेच आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात आम्हांस नेहमी आठवतात ते कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. अण्णा देणग्यांसाठी गावोगाव फिरत. तेव्हा मुलांची सारी जबाबदारी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर असे. मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. बोर्डिंगात स्वयंपाक, सफाई, शेतातील काम मुलेच करीत. अशा मुलांतूनच अण्णांनी शिक्षक व कार्यकर्ते घडविले, आणि कोवळ्या वयाच्या माणसांस आडगावी शाळा चालविण्यास पाठविले. अण्णा ९ मे १९५९ रोजी निवर्तले. संस्था आजही चालू आहे, कारण त्यांनी इमारतींबरोबर माणसे उभी केली होती.

आमचा स्वतःचा एक लहानसा अनुभव सांगतो. जिरायत पट्ट्यातील एका दोनशिक्षकी शाळेवर आम्ही होतो. गावात दुकान नव्हते. वही-पेन्सिलीसाठी मुलांना तीन मैल जावे लागे. आम्ही घाऊक माल आणून एका पेटीत ठेवला आणि मुलांना सांगितले, ‘येथे दुकानदार नाही. वस्तू घ्या, किंमत डब्यात टाका, वहीत लिहा.’ काही पालक हसले. पहिल्या महिन्याअखेर डब्यात साडेचार रुपये कमी भरले. कोणी म्हणाले, पेटीस कुलूप लावा. कोणी म्हणाले, दप्तरे तपासा. आम्ही तसे केले नाही. शनिवारच्या बालसभेत चौथीच्या दोन मुलींनी साऱ्या शाळेसमोर जमाखर्च वाचला आणि विचारले, ‘साडेचार रुपये कमी आहेत. पुढे काय करावयाचे?’ मुलांनीच ठरविले की, दर शनिवारी हिशेब मोठ्याने वाचावा आणि ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याने वहीत ‘बाकी’ म्हणून लिहावे. चोरी कोणीच केली नव्हती, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला लाज वाटून ‘पैसे नाहीत’ म्हणवत नव्हते, त्याला ‘बाकी’ या शब्दाने वाट मिळाली. पुढच्या महिन्यापासून तूट आली नाही. शिक्षा न करता, कुलूप न लावता, फक्त उघड हिशेबाने ते काम झाले.

यावरून चार गोष्टी आम्ही पक्क्या धरल्या आहेत. एक, काम देताना अधिकार द्यावा. ज्याला खर्च करावयाचा त्याला दहा रुपयांसाठीही विचारावयास लावू नये. किती रकमेपर्यंत त्याने स्वतः ठरवावे, ते आधीच लिहून द्यावे. दोन, मुदत व हिशेब ठरवावा, आणि हिशेब चारचौघांत वाचला जावा. आपल्या राज्यात कित्येक पतसंस्था बुडाल्या, त्या विश्वास ठेवल्यामुळे बुडाल्या नाहीत. हिशेब न वाचता सह्या करणाऱ्या संचालकांमुळे बुडाल्या. तीन, चूक झाली तर पाठ राखावी. यश आले तर त्याचे नाव घ्यावे आणि अपयश आले तर ‘जबाबदारी माझी’ म्हणावे. एकान्तात कान धरावा, पण सभेत हात धरावा. चार, दिलेले काम मधूनच काढून घेऊ नये. रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी रोज उपटून पाहणाऱ्याच्या शेतात काहीच रुजत नाही.

आणि सोपविण्याच्या नावाखाली आणखी एक प्रकार चालतो, त्याविषयी सावध राहावे. आपल्याला कंटाळवाणे वाटणारे काम, म्हणजे सतरंज्या घालणे, पाणी वाटणे, पावत्या फाडणे, तेवढे तरुणांना द्यावयाचे आणि व्यासपीठ, सही व निर्णय आपल्याकडे ठेवावयाचे, याला सोपविणे म्हणत नाहीत. सतरंजी घालण्यात कमीपणा नाही. परंतु सभेत काय बोलावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याला कधीच मिळत नाही, तो एक दिवस सतरंजी घालावयासही येत नाही.

घराच्या कारभाराविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आपल्या कित्येक घरांत चाळिशी गाठलेला मुलगा खताच्या पिशवीसाठी वडिलांपुढे उभा राहतो. सात-बारा वडिलांच्या ट्रंकेत, पासबुक वडिलांच्या उशाशी. मग हाच मुलगा जेव्हा चाकणला किंवा पुण्याला बारा तासांची नोकरी पत्करतो, तेव्हा वडील म्हणतात, ‘आजकालच्या पोरांना शेती नको.’ आम्हांस वाटते, त्याला शेती नको असे नाही. त्याला दोन एकर तरी आपल्या मताने पिकवावयास हवे होते. तीच गोष्ट सुनांची. बचत गटात ज्या सुना दरमहा शेकडो रुपयांचा हिशेब बिनचूक ठेवतात, अध्यक्षा व सचिव म्हणून बँकेत सह्या करतात, त्यांना घरी किराण्याच्या यादीपलीकडे कोणी विचारीत नाही. घरातील सासूबाईंनी वेळीच कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या तर त्यांचा मान कमी होत नाही. सल्ला विचारला जातो, आणि विचारलेल्या सल्ल्याला न विचारलेल्या हुकमापेक्षा अधिक किंमत असते.

आता शेवटी आपल्या मंडळाविषयी. येथे आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. आपण आप्त आहात, गैरसमज करून घेणार नाही. आपली कार्यकारिणी निःस्वार्थी आहे. त्यांच्या घामाने हे मंडळ उभे राहिले, हे कोणी नाकारू शकणार नाही. परंतु आज सभागृहात नजर टाका. पुढच्या तीन रांगांत पिकलेली डोकी आहेत. तरुण मंडळी दाराशी, हातात भ्रमणध्वनी घेऊन उभी आहेत. जेवणाच्या वेळी ती आत येतील आणि पंगत उठली की जातील. त्यांना समाजाची ओढ नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण आपण त्यांना काय दिले? गावातील तालीम, गणेशोत्सव, रक्तदान ही कामे हीच मुले रात्रीचा दिवस करून करतात, कारण ती कामे त्यांची आहेत. आपल्या मंडळात मात्र त्यांचे असे एकही काम नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या माहितीच्या एका संस्थेचे चिटणीस अचानक आजारी पडले. सभासदांची यादी, ठेवींच्या पावत्या, सर्व त्यांच्या घरच्या कपाटात आणि पुष्कळसे त्यांच्या डोक्यात. ते सत्पुरुष होते. पै इकडची तिकडे झालेली नव्हती. परंतु त्या वर्षी गरीब मुलांची फी भरावयाची तारीख निघून गेली, कारण दुसऱ्या कोणाला काही ठाऊक नव्हते. प्रामाणिकपणा असूनही मुलांचे नुकसान झाले. असा प्रसंग आपल्यावर येऊ नये, हीच आमच्या आजच्या बोलण्यामागची कळकळ आहे.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे, आणि अध्यक्षांनी ती आजच्या सभेपुढे विचारार्थ ठेवावी, अशी विनंती आहे. या वर्षीचा विद्यार्थी साहाय्य निधी चाळीस वर्षांखालील पाच जणांच्या समितीकडे पूर्णपणे द्यावा. त्यांत निदान दोन भगिनी असाव्यात. एक जण इंदापूरकडील आडगावचा असावा. अर्ज मागविणे, पात्रता ठरविणे, रक्कम देणे हे सर्व त्यांनी करावे. रकमेची मर्यादा आज ठरवून द्यावी. त्या मर्यादेत त्यांना कोणी ‘असे का केले’ म्हणून अडवू नये. पैसे काढताना दोघांच्या सह्या असाव्यात. दर तीन महिन्यांनी हिशेब लिहून सर्व सभासदांना कळवावा आणि पुढील मेळाव्यात तो मोठ्याने वाचावा. वडीलधाऱ्यांनी सल्ला अवश्य द्यावा, पण विचारल्यावर द्यावा. कोणी म्हणेल, ‘चूक झाली तर?’ आमचे उत्तर असे की, एका वर्षाच्या निधीत एखादी चूक झाली तर ती भरून काढता येते. परंतु काम जाणणारी पिढीच तयार झाली नाही, तर ते नुकसान कोणत्या निधीतून भरून काढणार?

तरुणांनाही एक सांगणे आहे. अधिकार मागणे हा तुमचा हक्क आहे. पण अधिकाराबरोबर हिशेबाची वही येते, ती नाकारू नका. वेळेवर या, लिहून ठेवा, जमत नसेल तर वेळीच सांगा. वडीलधाऱ्यांनी जे सांभाळले, ते का सांभाळले, हे त्यांना विचारा. विश्वास मागून मिळतो तो एकदाच. पुढे तो कामाने मिळवावा लागतो.

पालखी पुढच्या गावास निघते तेव्हा विणेकरी थकला तर दुसरा पुढे होतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. वीणा खाली ठेवली जात नाही. देणाऱ्याला वाईट वाटत नाही. घेणारा उर्मटपणे घेत नाही. आपल्या मंडळाची वीणाही अशीच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जावो, आणि हे काम आपण सर्वांच्या डोळ्यांदेखत आनंदाने व्हावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.